कोरा त्रिकोण

"बघा, हिने आपली वस्ती काढलीय. सगळं काळं!"

सरांनी माझा आलेखकागद चिमटीत धरून वर्गाला दाखवला. पार्ल्यातली पोरं खिदळली. मी भांडुपची, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून त्या इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आलेली एकटीच. संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली होती, तरी हट्टाने सायन्सलाच घातलं होतं मला. आणि या चाचणीत जो नापास, त्याला आर्ट्सला धाडणार, असं सरांनी आधीच बजावलं होतं.

गणित असमानतांचं. एक्स आणि वाय दोन्ही किमान एक, बेरीज सहाच्या वर नको. तिन्ही अटी एकदम पाळणारे बिंदू आलेखावर दाखवायचे. सर उत्तराचा भाग रंगवायचे. आमच्या शाळेतल्या बाईंनी उलटं शिकवलेलं. जी बाजू अट मोडते, ती काळी करायची. शेवटी कोरं उरेल ते उत्तर. माझ्या कागदावर मधोमध कोरा त्रिकोण होता. खाली लिहिलंही होतं, 'कोरा भाग हे उत्तर'. मराठीत लिहिलं, हा माझा गुन्हा!

"खोड ते काळं," सर म्हणाले. "इथे, सगळ्यांसमोर. मग पास करतो."

खोडरबर हातात घेतला मी. खोटं कशाला बोलू? पास व्हायचं होतं मला. पण मागचं हसणं थांबेना. डोकं सणकलं.

"नाही खोडणार. त्रिकोणातला कुठलाही बिंदू घ्या, सर. दोन, दोन घ्या. दोन्ही एकाहून मोठे, बेरीज चार. चुकलं कुठे?"

"तुम्हा लोकांना डोक्यावर चढवून ठेवलंय," एवढंच म्हणाले. तपासलं नाही. भोपळा दिला. तुम्हा लोकांना! अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी बाबांनी एकच विचारलं, "खोडलंस काय गो?"

"नाय."

"बरां केलंस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसले. "आर्ट्सचा वर्ग खाली आहे," सर म्हणाले. मी उठले नाही. नवा आलेखकागद काढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नको ती बाजू काळी करायला लागले. हाताला धरून काढा बाहेर, स्वतःच्या पायाने मी जाणार नाही. आणि या वेळी पेन्सिल नव्हती घेतली. पेन घेतलं होतं.