सुरी हातात देऊ नये

आमच्या घरी सुरी, विळी, कात्री, धारेची कुठलीही वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नसे. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. हातात दिली की दोघांचं भांडण होतं, असं आईचं शास्त्र. हे शास्त्र पुष्कळ घरांत असतं. आमच्याकडे ते दुकानापर्यंत पोचलं होतं, कारण आमचं दुकानच सुऱ्याकोयत्यांचं.

पनवेलच्या बाजारात बाबांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं, आणि एका भिंतीला ओळीनं टांगलेले कोयते, विळे, कुऱ्हाडी. डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं आणि खाडीकडचे शेतकरी कोयता घ्यायचा तर आमच्याकडेच यायचे. बाबा पात्यावरून अंगठा फिरवायचे, नखानं वाजवून आवाज ऐकायचे आणि ते समोरच्या फळीवर ठेवायचे. गिऱ्हाइकानं कितीही हात पुढे केला तरी फळीवरच. "उचला," म्हणायचे. त्यांनी कुणाच्या हातात पातं दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि अशा माणसाच्या मुलीला सबंध पनवेलात एक सुरी मिळू नये! त्या वर्षी मी या प्रकाराला पुष्कळ नावं ठेवली. त्यातली निम्मी इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मी तेव्हा एका पतपेढीत नोकरीला होते आणि सुट्टी मिळाली की आमच्या गटाबरोबर डोंगरात जात असे. प्रबळगड, माणिकगड, कर्नाळा. खारघर म्हणजे तेव्हा नुसते डोंगर आणि भाताची खाचरं, तिकडेही जात असू. रानात मुक्काम करायचा तर धारेचं काहीतरी जवळ लागतंच. ओलं लाकूड तासून आतला कोरडा गाभा काढायचा, दोर कापायचा, चुलीसाठी ढलप्या काढायच्या, आणि शेवटी कांदाही चिरायचा. माझ्याकडे घडीचा चाकू होता. दिसायला देखणा, पितळी मूठ, बोटानं खटका दाबला की मिटणारा. बाबांनीच दुकानातल्या काचेच्या कपाटातून निवडून दिला होता. अर्थात फळीवर ठेवून.

पावसाळ्याच्या शेवटी, गणपतीच्या आधी, प्रबळगडावर चूल पेटवायला मी एका फांदीत चाकूचं टोक रोवून दाबत होते. खटका सुटला आणि पातं माझ्याच बोटांवर मिटलं. खाली उतरून टाके घालून घेऊन घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी माझ्या हाताची पट्टी पाहिली. भात कालवता कालवता थांबले आणि म्हणाले, "बास. आता डोंगर बंद."

मी म्हटलं, "डोंगरानं काय केलंय? चाकू तुमच्याच दुकानातला होता."

बाबांनी ताटातच हात धुतला. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले.

अबोला हा काय ताप असतो, हे ज्यांच्या घरात तो कधी नांदला नाही त्यांना कळायचं नाही. घर केवढं, तर दोन खोल्या आणि ओटी. मी हाताच्या अंतरावर बसलेली असताना बाबा आईला म्हणायचे, "तिला विचार, चहा घेणार का." मी आईला म्हणायचे, "सांग, घेतला." आई सुरुवातीला इमानदारीनं निरोप पोचवायची. मग ती कंटाळली आणि निरोपात स्वतःची भर घालू लागली. बाबा म्हणायचे, "तिला सांग, छत्री ने." आई मला सांगायची, "बाबा म्हणतायत छत्री ने, आणि केस नीट विंचर, भूत दिसतेस." बाबा समोर बसून हे ऐकायचे आणि हू की चू करायचे नाहीत.

मला राग यायचा. भयंकर यायचा. पण खरी गोष्ट अशी की बाबांशी बोलल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नसे. दुकानातून आले की ते गिऱ्हाइकांच्या नकला करायचे आणि मी हसून हसून ताटावरून उठायचे. आता ते भिंतीकडे तोंड करून जेवत होते. एकदा तरी माझ्याकडे बघून बोलावं, वाटेल ते बोलावं, शिवी दिली तरी चालेल, असं मला वाटे. मग तूच आधी का बोलत नाहीस, असं आई विचारायची. मी का बोलू? बोटं माझी कापली होती.

पण डोंगर काही मी सोडला नव्हता. थंडीत गटाचा मोठा मुक्काम ठरला होता आणि त्याआधी मला न मिटणारी सुरी हवी होती. मनात तिचं चित्र पक्कं होतं. पातं सरळ, हाताच्या पंजाएवढं, पाठ जाड. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, म्हणजे मूठ निसटायचा प्रश्न नाही. कमरेला लावायला कातडी म्यान. कोयता मला जड होता आणि त्याचं वाकडं टोक बारीक कामाला उपयोगाचं नव्हतं. एवढी साधी वस्तू. ती कारकुनाच्या पगारात बसावी, एवढीच वर अट.

आमच्या गटाचे म्होरके मुंबईला एका कंपनीत साहेब होते. त्यांनी फोर्टातून एक परदेशी सुरी आणली होती आणि ती ते देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी काढून दाखवायचे. मूठ पोकळ. तिच्या बुडाला होकायंत्र, आत मासे धरायचा गळ, दोरा, काड्या, सुई. "अशी घे," म्हणाले. मला ती परवडणार नव्हतीच, पण कर्नाळ्याला त्यांनी तिनं एक वाळकं लाकूड फोडायला घेतलं आणि दुसऱ्या घावाला पातं लाकडात राहिलं, मूठ त्यांच्या हातात. होकायंत्र मात्र बरोबर उत्तर दाखवत होतं. तरीही महिनाभर मला सल्ले देणं काही त्यांनी थांबवलं नाही.

मग मी बाजारात बघू लागले. भांड्यांच्या दुकानातल्या स्टीलच्या सुऱ्या हातानं वाकत. बाबांच्या दुकानापासून चार दुकानं पलीकडे दुसरे एक लोखंडवाले होते, त्यांच्याकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत ते काळजीनं म्हणाले, "बाबांची तब्येत बरी आहे ना?" सुरी दाखवा म्हटल्यावर तर त्यांना खात्रीच पटली की आमचं दुकान बसलं. सुरी दिली नाही. संध्याकाळी बाबांना भेटून विचारपूस मात्र करून आले.

मटणाच्या बाजारात एक चाचा होते. त्यांच्या हातातली सुरी बघून मी जागीच थबकले. सरळ पातं, जाड पाठ, हाडावर आपटली तरी ओरखडा नाही. मी विचारलं, "चाचा, ही कुठं मिळते?"

चाचा हसले. "अरे बेटी, मजाक करतेस? ही तर तुझ्या अब्बांच्याच दुकानातली. मी दुसरीकडून घेतच नाही."

"तसलीच एखादी तुमच्यासाठी म्हणून आणून मला द्याल?"

चाचांनी सुरी ठोकळ्यात रोवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "घरात काय झालंय ते मला ठाऊक नाही," म्हणाले, "पण बापाच्या माघारी लेकीला सुरी द्यायची, हे आपल्याच्यानं होणार नाही. तौबा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं माझं. फरक इतकाच की काखेतला कळसा बोलत नव्हता. दुकानात जाऊन "सुरी द्या" म्हटलं असतं तर एक तर बाबा जिंकले असते, नाही तर समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले असते, "तिला सांगा, शिल्लक नाही." दोन्ही मला सहन झालं नसतं.

शेवटी मी सायकल काढून कळंबोलीला गेले. लोखंडाचा बाजार नव्यानं तिकडे आला होता, रस्ताभर ट्रक उभे असत, आणि ट्रकच्या स्प्रिंगचे मोडलेले पाटे घेऊन त्यांचे कोयते घडवणारा एक लोहार तिथं भाता टाकून बसलेला असे. पाट्याचं पोलाद म्हणजे उत्तम, एवढं दुकानदाराच्या पोरीला माहीत होतं. मी त्याला मातीत काटकीनं सुरी काढून दाखवली. लांबी दाखवली, पाठ किती जाड ते दाखवलं, पोलाद मुठीत कुठवर जायला हवं ते दाखवलं. तो सगळं ऐकत होता. मला वाटलं, झालं काम.

मग म्हणाला, "तुमी बाजारातल्या शेटची पोर ना?"

"बरं मग?"

"मंग शेटना इचारल्याबिगर मी कशी देनार? आमचा सगला माल शेटच उचलतात. उद्या शेट बोलतील, माज्या पोरीला हत्यार दिलंस नि मला सांगितला बी नाय."

"मी काय लहान आहे?"

"ता मी कदी बोललो? पन शेटना इचारतो."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरचं दुकान नक्की लोखंडाचं असणार. मी त्या लोहाराला हात जोडून सांगितलं की कुणालाही काहीही विचारू नका, आणि उन्हातून सायकल मारत परत आले. येताना चेन पडली, ती बसवताना ओढणीला वंगण लागलं, आणि त्याबद्दल बाबांनी आईमार्फत मला साबण पाठवला.

दसरा आला. खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावायचं काम दर वर्षी माझं आणि बाबांचं. त्यात खंड पाडणं दोघांनाही जमलं नाही. बाबांनी कोयते उतरवून एकेक खाली मांडायचे, मी एकेक उचलून कुंकू लावायचं. एरवी या कामात आमच्या गप्पांना ऊत यायचा. त्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "तिला सांग, झेंडूची माळ उजवीकडे सरकलीय." आई म्हणाली, "मी फुलं निवडतेय, तुमच्या पोस्टाला आज सुट्टी आहे." बाबांनी स्वतः उठून माळ सरळ केली. काचेच्या कपाटात घडीच्या चाकूंची फळी रिकामी होती. चांगला खप झालेला दिसतोय, असं माझ्या मनात आलं आणि मला अजूनच राग आला. आणखी कुणाकुणाची बोटं जाणार होती कोण जाणे.

थंडी पडली. मुक्कामाला निघायचा दिवस उजाडला आणि माझ्याकडे सुरी नव्हती. मी स्वयंपाकघरातली भाजीची सुरी फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि ओटीवर बसून बूट बांधू लागले. आई दारात उभी राहून डब्यात काय काय दिलंय ते सांगत होती. तेवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांच्या हातात दुकानाच्या सुतळीनं बांधलेली खाकी कागदाची पुडी होती. सुतळी त्यांनी शांतपणे सोडली, नेहमीसारखी बोटावर गुंडाळून खिशात ठेवली आणि कागद उलगडला.

ती माझी सुरी होती. मातीत काढली होती तीच. सरळ पातं, पंजाएवढं. जाड पाठ. मुठीच्या शेवटी पोलाद दिसत होतं. एक गोष्ट मात्र मी लोहाराला सांगितली नव्हती. मुठीच्या पुढे एक छोटी आडवी पट्टी बसवलेली होती, बोटं घसरून पात्यावर जाऊ नयेत म्हणून.

मी बाबांनी ती खाली ठेवायची वाट बघत होते. ते ठेवणार, मी उचलणार, आई म्हणणार "बाबा म्हणतायत जपून वापर", आणि मी निघणार. बाबांनी सुरी खाली ठेवली नाही. मूठ माझ्याकडे करून हात लांब केला आणि तसेच उभे राहिले.

"अहो!" आई ओरडली. "हातात काय देताय? खाली ठेवा, भांडण होईल!"

"होऊ दे," बाबा म्हणाले. ते आईशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. "भांडण तर भांडण. गणपतीपासून तेवढंही झालेलं नाही." आणि मग मला म्हणाले, "धर."

मी धरली. आणि जे तोंडात आलं ते बोलले. "मूठ जड आहे."

"जडच पाहिजे. हलक्याचं काय झालं ते बघितलंस ना? सगळे चाकू परत पाठवले मी त्या मेल्या व्यापाऱ्याला."

"मग हे तेव्हाच सांगायचं! इतके दिवस तोंड शिवून बसलात ते?"

"आणि तू काय केलंस? सगळ्या बाजारात जाऊन सुरी मागितलीस. बाप मेला होता का?"

"बाप बोलत नव्हता!"

मग जे सुरू झालं ते सगळ्या आळीनं ऐकलं. डोंगर, माझी बोटं, माझं लग्न, सायकल आणि ओढणी, सगळं निघालं. मी रडत होते आणि भांडत होते, बाबांचाही आवाज मधेच चिरकत होता, आणि दोघंही थांबायला तयार नव्हतो. माझी एस.टी. केव्हाच निघून गेली.

आई थोडा वेळ कपाळाला हात लावून उभी होती. मग आत गेली आणि कुणाला काही न विचारता तिनं तिघांचा चहा टाकला.