शोभाताईंचे प्रवाळ

माझी नणंद प्रवाळ वाचवताना गेली.
अकोल्यात. मे महिन्यात.

आज वर्ष झालं.

लोक अजून विचारतात, "माशांच्या टाकीपायी?"
माशांची नव्हती ती. मासे दोनच होते. बाकी सगळे प्रवाळ. खडकाला धरून बसलेले, दिसायला फुलांसारखे, पण जिवंत प्राणी.

शोभाताई कॉलेजात झूलॉजीच्या लॅबला होत्या. लग्न केलं नाही. घर त्यांचंच. मी आणि सुधीर, म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्यासोबत राहायचो.

एकदा त्या अंदमानला जाऊन आल्या. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले आणि वेड्याच झाल्या.
मग हॉलमध्ये टाकी आली. मीठ घालून बनवलेलं समुद्राचं पाणी, निळे लाइट, आणि ते पाणी गार ठेवणारा चिलर.

मी अमरावतीहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या,
"रजनी, घरातलं काईबी फोडजो. हे काच तेवढी सोडून."

गेल्या मे महिन्यात भर दुपारी चिलर बंद पडला. कॉम्प्रेसर जळला.
अकोल्यात दुरुस्त करणारा कोणी मिळेना. नागपूरवाला म्हणाला, आठवडा तरी लागेल.

ताईंनी फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढलं. बाटल्या गोठवायच्या, टाकीत सोडायच्या, वितळल्या की दुसऱ्या. स्वतःच्या खोलीतला कूलर ओढत हॉलमध्ये आणला आणि टाकीकडे तोंड करून लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा प्रवाळ पांढराफटक.

मी ओरडले, "ताई, मेला हा!"

"नाई वं. पांढरा पडला म्हंजे मेला नाई. गर्मीनं आपल्या आंगातलं शेवाळ बाहेर टाकते तो. त्याच शेवाळाचा रंग असते, त्याच्यावरच जगते. पाणी थंडं झालं त येते परत."

आम्ही लाइट बंद केले. काचेवर चादर टाकली. वाट पाहिली.

संध्याकाळी दुसरंच सुरू झालं.
प्रवाळाच्या फांद्यांच्या बुडाशी मांस सुटायला लागलं. चिंध्यांसारखं पाण्यात तरंगत होतं. खाली नुसतं हाड.

ताई तेव्हा घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"हे वाईट हाये, रजनी. हे वापस नाई येत. चांगलं चांगलं कापून काढा लागते."

त्या कटरनं धड राहिलेली टोकं कापत होत्या, मी वाडग्यात धरत होते.
आणि कापलेलं टोकसुद्धा थोड्या वेळानं सुटायला लागायचं.

अमरावतीला इम्रानभाईंचं माशांचं दुकान आहे. ताईंची जुनी ओळख. त्यांच्याकडे एक जुना चिलर होता. फोनवर म्हणाले,
"आपा, टेन्शन नका घेऊ. उद्या दुपारी मी सोता घेऊन येतो."

उद्या दुपारी.
तेवढाच वेळ काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइट गेली. कूलर बंद, फ्रीजर बंद. बाटल्या संपल्या.
ताई स्कूटीवर बर्फाच्या कारखान्यात निघाल्या. तोवर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता.

मी चावी काढून घेतली.
"ताई, बसा. पाणी प्या आधी. दोन दिवस जेवल्या नाही तुम्ही. सुधीरला फोन लावते, तो आणेल बर्फ."

"तो येईपर्यंत मरून जातीन ते!"

इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. चावी हातातून हिसकली आणि गेल्या.

परत आल्या तेव्हा फाटकातच स्कूटी आडवी झाली. मी धावले. अंग तव्यासारखं. घामाचा थेंब नाही. मला कुणा दुसऱ्याच्याच नावानं हाक मारत होत्या.

टाकीसाठी आणलेला तो बर्फ मी त्यांच्या अंगावर फोडला.
डोक्यावर, मानेला, काखेत. शेजारच्या काकू बादलीनं पाणी ओतत होत्या. मी नुसती ओरडत होते, ताई, ताई, ताई.

ऑटोत एकदा डोळे उघडले.
"झाकून ठेवलं का त्याइले?"
"हो ताई. झाकलं."

उष्माघात, डॉक्टर म्हणाले. किडनीवर गेलं, मग सगळ्यावरच.
आयसीयूच्या बाहेर मी देवाशी काय काय बोलले ते इथं नाही लिहीत.

ताई गेल्या.

इम्रानभाई ठरल्या वेळी आले होते. घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली, लाइट आल्यावर इम्रानभाईंनी एकट्यानं चिलर जोडला.
आम्ही ताईंना घरी आणलं तेव्हा टाकीतलं पाणी गार होतं. आणि कोपऱ्यात उभे राहून इम्रानभाई लहान मुलासारखे रडत होते.

मग मी हट्टाला पेटले. एक तरी जगू दे. सुतकात, पाहुण्यांच्या गर्दीत, मी कापत होते, पाणी बदलत होते, इम्रानभाईंना फोटो पाठवत होते.
शेवटी तेच म्हणाले, "भाभी, बस करा आता. काईच नाई राहिलं."

दोन मासे ते घेऊन गेले.

स्मशानात सुधीर रडला नव्हता. तेराव्यालाही नाही.
तेरावं झाल्यावर टाकी रिकामी करायला तोच बसला. पहिली बादली भरून अंगणात गेला, तो परत येईना.

मी बाहेर गेले. मोगऱ्यापाशी बादली धरून उभा होता.

"रजनी, खारं हाये हे. झाडाले नाई चालत." 
मग माझ्याकडे पाहिलं. 
"कुठं टाकू मी ताईचं पाणी?"

आणि तिथंच खाली बसला. बादलीला मिठी मारून.

ते पाणी आम्ही दोघांनी न्हाणीत ओतलं. एकेक बादली.

शोभाताई, तुमची रोज आठवण येते.
जिथं असाल तिथं गारवा असो.
तुमच्या रजनीचा आणि सुधीरचा नमस्कार.