तेलात दिलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकही सुरी नव्हती. म्हणजे होती, पण जोंधळ्याच्या डब्यात, पार तळाशी, फडक्यात गुंडाळलेली. तिच्या सोबतीला दाढीची पाती. विळी मी धार गेल्याचं सांगून शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली होती. भाज्या करायच्या त्या हाताने मोडता येणाऱ्या, गवार, मेथी, शेपू. कांदा बत्त्याने ठेचायचा. वांगी तीन महिने घरात आली नाहीत.

कारण माझा नवरा. त्यांना मी जन्मभर ‘हे’च म्हणत आले, इथेही तेच म्हणते. हे उचगावला एका शेडमध्ये प्रेस मशीनवर होते. एका सकाळी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मशीनमध्ये गेलं. जखम भरली, पण हे बोलायचे थांबले. भिंतीकडे तोंड करून बसायचे, जेवताना उजवा हात मांडीखाली ठेवायचे. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “एकट्याला सोडू नगंस. माणूस असा गप झाला की वंगाळ.” मागल्या गल्लीतला एक जण असाच गप झाला होता आणि मग विहिरीत सापडला होता, हेही त्यांनी सांगितलं. तेवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

मी मुळातच भित्री. गॅस पेटवताना अजूनही मान मागे घेते. त्या दिवसांत तर भीती माझ्याबरोबर कामालाही यायची. मी शाळेत खिचडी शिजवायला जायचे. दोन वाजेपर्यंत पातेल्यात डाव फिरवायचा आणि डोळ्यांपुढे घर. परत आल्यावर आधी दारात ह्यांच्या चपला आहेत का बघायच्या. मग काहीतरी निमित्त काढून जोंधळ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा. बोटांना फडकं लागलं की श्वास सुटायचा. कधी कधी मी यायच्या आत दळण आणून ठेवलेलं असायचं. हे स्वतः गिरणीपर्यंत गेले याचा मला आनंद व्हायचा. त्यापुढे माझं डोकं चाललं नाही.

मग एक दिवस दारात टेम्पोच्या स्प्रिंगचा तुटका पाटा पडलेला दिसला. ओळखीच्या गॅरेजमधून ह्यांनीच ओढत आणला होता.

“सुरी करतो,” हे म्हणाले. “घरात एक बी सुरी न्हाय.”

जी वस्तू मी लपवत होते, तीच हा माणूस घरात तयार करणार. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. आणि दोन महिन्यांत ह्यांनी पहिल्यांदाच काही करायचं म्हटलं होतं. मी “करा की” म्हणाले.

हत्यारं म्हणाल तर एक करवत, दोन कानशी, त्यातली एक झिजलेली, आणि मागून आणलेलं हाताचं ड्रिल. परसात जुन्या घमेल्याला आतून माती थापून भट्टी केली. कणसंवाल्याकडून हाताने फिरवायचा पंखा आणला. थापून उरलेला मातीचा गोळा ह्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मूठ आवळ. जोरात.” मी आवळली. तो गोळा त्यांनी वाळायला पत्र्यावर ठेवला. भट्टीलाच लागत असेल, असं मला वाटलं.

पाटा तापवून राखेत निवू दिला, म्हणजे कानस चालते. मग घासायचं. डाव्या हाताने कानस धरायची, उजव्याच्या तळव्याने रेटायची. पाटा हलू नये म्हणून मी फळीवर बसून तो दाबून धरायचे. कानस माझ्या बोटांशेजारून जायची आणि प्रत्येक वेळी मी डोळे मिटायचे.

“डोळं मिटून धरतीस व्हय?” हे म्हणाले. “उघड की.”

तीन आठवडे हेच चाललं. हे एक भाकरी जास्त खायला लागले, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं. पण पातं पातळ होत गेलं तशी माझी झोप उडाली. डब्यातली सुरी ह्याच्यापुढे काहीच नव्हती.

रविवारी पातं तापवायचं ठरलं. ह्यांचा डावा हात पंख्यावर, उजव्यात सांडशी धरता येईना. म्हणजे सांडशी माझ्याकडे. उजवीकडे डालड्याच्या डब्यात गाडीचं जळकं ऑइल. पातं त्यात बुडवलं की क्षणभर जाळ उठतो, तेव्हा सोडू नकोस, असं हे समजावत होते. मला फक्त ‘जाळ’ एवढंच ऐकू आलं. मी कुणी न सांगता पाण्याची बादली भरून डावीकडे ठेवली.

पातं लाल झालं. ह्यांनी रेडिओतलं लोहचुंबक तारेला बांधून त्याला लावलं. चिकटलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं, चिकटलं नाही, म्हणजे हवं तेवढं तापलं.

“दे पाणी!”

लोखंड तापवून एकदम निववायचं, त्याला ह्या धंद्यात पाणी देणंच म्हणतात. मग ते तेलात का असेना. हे मला कुठलं ठाऊक? मी पाणी दिलं. बादलीतलं. टिंग करून बारीक आवाज झाला, काचेची बांगडी पिचावी तसा. बाहेर काढलं तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर.

सांडशी हातात घेऊन मी उभी राहिले. तीन आठवडे मातीत. आता हे उठतील, आत जातील, भिंतीकडे तोंड करतील आणि पुन्हा वळणार नाहीत, असं मला अगदी खात्रीने वाटलं.

ह्यांनी बादलीकडे बघितलं. मग म्हणाले, “माझंच चुकलं. तेल म्हणायला पायजे हुतं.” आणि पाट्याचा उरलेला तुकडा ओढून करवत लावली.

दुसऱ्या वेळी ह्यांनी “तेल” म्हणून एवढ्याने ओरडून सांगितलं की काकू भिंतीवरून डोकावल्या. जाळ उठला. मी सांडशी सोडली नाही, डोळेही मिटले नाहीत. कडक झालेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून पुसून घासून तव्यावर ठेवायचं होतं, त्याला रंग येईपर्यंत. तो रंग ओळखायचं काम माझ्याकडे आलं. रवा भाजल्यासारखं पिवळसर दिसलं तसं मी ते उतरवलं.

बाभळीची मूठ करायला आणखी चार दिवस लागले. पत्र्यावरचा वाळलेला मातीचा गोळा समोर ठेवून हे लाकूड घासत होते. झाल्यावर सुरी मुठीकडून माझ्यापुढे धरली. मी हातात घेतली तर एकेक बोट आपापल्या खाचेत बसलं. माझ्याच हाताचं माप.

तरी मनात पहिला विचार आला तो हाच, की ही आता कुठे ठेवू. नजर आपोआप जोंधळ्याच्या डब्याकडे गेली. ह्यांनी ती पाहिली.

“तिथं नगं,” हे म्हणाले. “तिथली मला पयल्या दळणालाच गावली.”

मी डब्यावरची नजर काढून ह्यांच्याकडे बघितलं.

“दर वेळेला काढायची आणि दळण आणलं की पुन्हा तळाला घालायची. तू आल्या आल्या हात घालून बघतीस. हाताला लागली न्हाई तर भिशील.”

एवढे दिवस मी ह्यांना जपत होते आणि हे माझी भीती जपत होते. मी रडले, मग पदराने तोंड पुसून पिशवी घेतली.

“कुठं निघालीस?”

“वांगी आणायला.”

निघताना सुरी ओट्यावर ठेवली, अगदी उघड्यावर, ह्यांच्या हाताला येईल अशी.