काहीच न करता

उरलाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये कुणाच्या कपड्यांना लोखंडाचा वास आला की तिथेच राबलेले बाबा मला दिसतात. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी घरातली पहिली बी.ए. दारूपायी घर सोडून गेलेले बाबा त्या सोमवारी दारात उभे होते.

बाबा म्हणाले, "मी आता चर्चमध्ये जातो. तिथं सांगतात, देव आपल्याले असंच माफ करते. काही करा लागत नाही."

मी भडकले. "मी रात्ररात्र घासून पास झाली, आईनं जन्मभर सोमवार केले. अन् तुम्हाले सगळं असंच?"

"हव पोट्टी. मलेही समजून नाही राहिलं."

उपाशी आईनं त्यांना गरम भात वाढला.

"आई, काहून?"

"जेवू दे त्याईले. मंग भांड."

आई चर्चमध्ये कधी गेली नाही. तिला हे कुणी सांगितलं, मला अजून कळत नाही.