लहान कप्प्याची सफाई

आमच्या भिलाईच्या मरोद्यात माझ्यासारखा कम्प्युटर कोणीच दुरुस्त करत नाही. ज्याले दुरुस्ती येते, तो येगळ्या पद्धतीनं करते.

शाळेत मी चौथीपर्यंत होतो, तेबी मास्तर दयाळू होता म्हणून. मंग प्लांटात फिटर झालो. घरच्या कम्प्युटरवर जावयानं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी सिस्टिम, बसवून देलं अन् त्याचा बॅकअप एका डिस्कवर काढून ठेवला. त्यात माझ्या सासूची भजनं होती, तिच्याच आवाजात. सासू आता नाही. मशीन बंद पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरवालीच्या भजनी मंडळाले भिलाई-3 मध्ये त्याच चालीवर भजनं म्हणायची होती, अन् बॅकअपची डिस्क लिनक्सची, ते शेजारच्यांच्या कम्प्युटरवर उघडे ना.

झालं असं, अपडेट चालू असताना लाईट गेली अन् लिनक्स अर्ध्यात अडकलं. रायपूरवरून जावई फोनवर म्हणे, "बाबा, मी देलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा. मशीनमधल्या डिस्कचे दोन कप्पे हायेत. मोठा कप्पा पुसा, त्यात बॅकअप ओता. समोरच्या लहान कप्प्याले हात नका लावू."

आता फिटर माणूस पाइपाच्या जोडाच्या फ्लँजवरचं जुनं गॅस्केट, म्हणजे सील, पुरं खरडल्याबिगर नवं बसवत नाही. कण राहिला की लीकेज. मले वाटलं, जावई ऑफिसातला माणूस, त्याले काय माहीत. लहान कप्पाबी चकाचक करून टाकला. मंग बॅकअप ओतला, बिना तक्रारीचा गेला. मशीन चालू केली तर काळा पडदा, वर एक ओळ.

घरवालीनं वाचली. "म्हणते, चालू कराले काहीच सापडून नाही राहिलं. माझ्या मायची भजनं कुठं हायेत?"

पुन्हा फोन लावला. मी काय काय पुसलं, ते जावयानं इचारून घेतलं.

"बाबा, लहान कप्प्यात बूटलोडर होता. बॅकअप फक्त मोठ्याचा होता."

"म्हणजे लिनक्स गेलं?"

"लिनक्स हाय. त्याले उठवणारा गेला."

"तो जुनाच झाला होता, जावईबापू."

"बाबा, फोन आईले द्या."

मंग तो सांगे अन् घरवाली टाइप करे. मी मोबाईल धरला, तोबी आधी उलटा. नवा लहान कप्पा बनवला, त्याचा नवा नंबर लिनक्सले सांगितला, बूटलोडर पुन्हा बसवला. मशीन उठली. सासूचा आवाज आला तशी घरवाली पदरानं चष्मा पुसत बसली.

मले वाटलं, मौका चांगला हाय. म्हटलं, "उद्या मीबी येतो, मंडळाचं साउंड सांभाळतो."

"तुमी घरी राहा," घरवाली म्हणे. "अन् पंखा पाहिजे असला तर बटनाले हात नका लावू, शेजारच्याले चालू कराले सांगा."