सोमवारच्या काचा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो बावीस वर्षं काचा घासत होता; तयार चष्मा गिऱ्हाइकाला घालून द्यायलाही तोच बाहेर यायचा. दुकानात सगळे त्याला कारागीर म्हणायचे. धावणाऱ्यांच्या गटात मात्र त्याचं नाव इंजिन पडलं होतं, कारण शेहेचाळिशीतही चढावर तो कुणाला मागे टाकेल याचा नेम नसे. त्या वर्षी त्यानं मनाशी ठरवलं होतं, मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत संपवायचीच. बेचाळीस किलोमीटर. गेल्या खेपेला सहा मिनिटं जास्त लागली होती आणि ती सहा मिनिटं त्याला काट्यासारखी सलत होती.

मग त्यानं सराव वाढवला. मंगळवारी वेगाची धाव, गुरुवारी चढ, रविवारी तीस-बत्तीस किलोमीटर. पाय तक्रार करत नव्हते. तक्रार झोपेची होती. अंग मोडून आलेलं असायचं, पण पाठ टेकली की पोटऱ्या आतून धडधडायच्या, आणि तीन तासांत डोळे टक्क उघडायचे. मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेचे गुण दाखवायचं. चाळीस, अडतीस, एकेचाळीस. शाळेत गणितात पडायचे तसे. ते आकडे पाहून त्याचं डोकं आणखी फिरायचं, आणि आज तरी झोप लागायला हवी या धास्तीनंच झोप उडायची. उठल्याउठल्या नाडी मोजली तर पूर्वी अठ्ठेचाळीस भरायची, आता एकसष्ट.

"बत्तीस किलोमीटर पळून आलेला माणूस लाकडासारखा पडायला हवा," बायको म्हणाली. ती पाळणाघर चालवायची. "माझी बारा पोरं जेवली की दहा मिनिटांत गार होतात. तुम्हीच कसे असे?"

"शर्यत झाली की झोपेन," तो म्हणाला.

एका बुधवारी पियानो शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई दुकानात आल्या. कोपराला पट्टी बांधलेली. त्यांनी चष्मा काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "या चष्म्यातून मला माझाच जिना तिरका दिसतो हो. काल दोन पायऱ्या चुकले."

कारागिरानं चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर धरला आणि त्यांचा कागद शेजारी ठेवला. तिरक्या नंबराच्या काचेला कोन असतो. त्याच कोनात ती फ्रेममध्ये बसली पाहिजे. कागदावर वीस अंश होते. त्यानं काच एकशेसाठला बसवली होती. आरशात पाहावं तशी बरोबर उलटी. शिकाऊ माणूस करतो ती चूक. वर तपासल्याची खूण होती, तीही त्याच्याच हाताची.

बाईंना त्यानं तासाभरात नवी काच बसवून दिली, हात जोडून माफी मागितली. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "होतं असं." पण तो जुने कागद काढून बसला. चूक एकच झाली असेल कशावरून? गेल्या सहा आठवड्यांत त्याच्या हातून गेलेल्या काचा आज लोकांच्या नाकावर होत्या. कुणी गाडी चालवत असेल, कुणी लेकरू कडेवर घेऊन जिना उतरत असेल.

त्यानं मालकांना सगळं सांगितलं. मालक गल्ल्यावरून उठले, दार लोटलं आणि म्हणाले, "बाहेर बोंब झाली तर दुकान बसेल आपलं." थोडं थांबून त्यांनीच फोन पुढे सरकवला. "पण कुणी पडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लावा फोन."

तिरक्या नंबराचे एक्क्याण्णव कागद निघाले. मोफत तपासणी आहे, एकदा येऊन जा, असं सांगून दोघांनी एकेकाला बोलावलं. लोक येत गेले. दर चष्मा कारागीर स्वतः यंत्रावर ठेवायचा. बरोबर. बरोबर. बरोबर. दहा दिवसांत आणखी दोन चुकीचे निघाले. त्यानं तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि काच बसवल्याच्या तारखा पाहिल्या. तिन्ही सोमवार. सरावाची वही काढली. तिन्ही सोमवारांच्या आदल्या दिवशी तीस किलोमीटरच्या वरची धाव, आणि झोप तीन तासांच्या आत.

सगळे येऊन गेले, एक कागद तेवढा उरला. तोही सोमवारचाच. गिऱ्हाईक होता इमारतींना बाहेरून रंग देणारा रंगारी. फोन बंद. दिलेल्या पत्त्यावरची खोली त्यानं सोडलेली. कारागिराच्या डोळ्यांपुढे परांचीच्या फळ्या, शिड्या आणि उंचावरून दिसणारी तिरकी जमीन सारखी यायला लागली. तो पळायचा थांबला. संध्याकाळी सराव करायच्या वेळी तो जिथे जिथे रंगकाम चाललेलं असेल तिथे जाऊन मान वर करून रंगाऱ्याचं नाव विचारायचा. काही जण हसले. पाचव्या संध्याकाळी एका मुकादमानं बोट दाखवलं, "तो काय, चौथ्या मजल्यावर."

हाक मारायची त्याची छाती होईना. दचकला बिचकला तर? तो खालीच उभा राहिला, माणूस शिडीवरून उतरेपर्यंत. उतरताना रंगारी दर पायरीला आधी पायानं चाचपून बघत होता.

"चष्म्याचं काय म्हणता?" रंगारी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून सगळं कललेलं दिसतंय. पण तुम्हीच म्हणाला होता ना, नवीन नंबर आहे, आठवड्याभरात सवय होईल. म्हटलं, आपलेच डोळे आळशी. चाललंय चाचपत चाचपत."

कारागीर विटांच्या ढिगावर बसला. रंगाऱ्यानंच त्याला पाणी दिलं, आणि खरं काय ते ऐकल्यावर मात्र रंगाऱ्याचा आवाज चढला. "अहो, मी चौथ्या मजल्यावर लोंबकळतो! तुम्हाला काही वाटतं का?" चार माणसं जमली. कारागिरानं सगळ्यांसमोर माफी मागितली. मग तो रंगाऱ्याला सोबत दुकानात घेऊन गेला आणि काच बदलून दिली. यंत्रावर मालकांनी तपासली, मग पुन्हा त्यानं.

त्या रविवारीही तो धावला नाही. धावण्याच्या गटाचे कोच घरी आले, वही चाळली आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पळायला कुणी सांगितलं होतं? पळून शरीर मोडतं, इंजिन. ते सांधायला झोप लागते. तू नुसता मोडतच गेलास. तीन आठवडे बूट कपाटात. आणि ते घड्याळ आधी काढ."

घड्याळ बायकोनं डाळीच्या डब्यात टाकलं. दुपारी ती त्याला पाळणाघरात घेऊन गेली. सुट्टीचं ते रिकामं होतं. तिनं पडदे ओढले, पोरांच्या चार छोट्या गाद्या ओळीनं जोडल्या.

"झोप नाही आली तर?" त्यानं विचारलं.

"नाही आली तर नुसते पडा. इथे कुणी गुण देत नाही."

ती कोपऱ्यात बसून पोरांच्या चादरींच्या घड्या घालत राहिली. त्याचे पाय गादीबाहेर लोंबत होते. पहिल्या दिवशी तो नुसता छताकडे बघत पडला. पुढच्या रविवारी वीस मिनिटं डोळा लागला. तिसऱ्या खेपेला तिनं हलवून उठवलं तेव्हा दिवे लागले होते आणि गालावर गादीच्या शिवणीचा वळ उमटला होता.

त्या वर्षीची शर्यत त्यानं सोडली. पुढच्या वर्षी धावला तो दहा दिवसांतून एकच लांब धाव ठेवून, आणि तीही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच. वेळ लागला तीन तास एकेचाळीस मिनिटं. गटातल्यांना वाटलं तो हिरमुसेल. तो पाणी प्यायला, घरी आला आणि जेवून झोपला. सकाळी नाडी पन्नास भरली.

अजूनही एखादी काच फ्रेममध्ये बसवून झाली की तो ती दुकानातल्या दुसऱ्या माणसाकडे देतो आणि त्यानं कोनाचा आकडा मोठ्यानं वाचेपर्यंत तिथून हलत नाही. नवीन गिऱ्हाइकाला सवय होईल असं तो आता म्हणत नाही. "कललेलं वाटलं तर त्याच दिवशी या," एवढंच सांगतो, आणि ते दाराबाहेर जाऊन पायऱ्या उतरेपर्यंत दाराच्या काचेतून बघत राहतो.