हेल्मेटमधली चमकी

संत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंद्र्याला कंपनीत होतो. झोपेतच, हार्ट अटॅक... पुढचं मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. गाडी काढतो, बजाजनगरात त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जातो आणि माघारी फिरतो. जेवतानाही बोटं ताटावर ठेका धरतात. नोकरी पोटापुरती, खरा मी त्याच्या बँडचा ड्रमर; दुसरं येतं काय मला!

आमचा ग्लॅम रॉक म्हणजे निळी लिपस्टिक, उंच टाचांचे बूट आणि तोंडभर चमकी. कार्यक्रम संपला की संत्या तसाच रंगलेला, वर हेल्मेट चढवून घरी जायचा. त्याची आई, शांताकाकू, त्याला दारातल्या नळापाशीच अडवायच्या. गल्लीतले लोक काय म्हणतील याचा त्यांना भारी धसका. पहिला अल्बम आम्ही त्याच्याच घरात, खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्ड केला. रंगल्याशिवाय या गड्याचा गळा उघडायचा नाही. शेवटच्या गाण्यात तो जीव तोडून वरचा सूर लावतोय, तेवढ्यात बाजारातून आलेल्या काकू दार उघडून कडाडल्या, "संत्या, तोंड धून ये आधी!"

मी कपाळावर हात मारला. संत्या हसून हसून खाली बसला. "लई भारी! हे गाण्यातनं काढायचं नाय."

अल्बमचं नावच 'तोंड धून ये' पडलं. त्यानं आम्हाला कुठल्या कुठं नेलं! मैदानंच्या मैदानं काकूंचं ते वाक्य एका सुरात ओरडायची. काकूंना मात्र ती आपली थट्टा वाटली. त्या कधीच कार्यक्रमाला आल्या नाहीत. संत्या दर वेळी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायचा. मी चिडायचो.

"येईल की," तो म्हणायचा... शेवटपर्यंत हेच.

परवा मनाचा हिय्या करून घरात शिरलो. खुंटीवर त्याचं हेल्मेट होतं. आतल्या स्पंजात चमकी रुतून बसलेली. काहीतरी करायला हवंच होतं मला. म्हटलं, "द्या काकू, धुऊन आणतो."

त्यांनी ते ओढून पोटाशी धरलं, बोटं आत घातली.

"नगं रं बाळू. लई धुवायला लावलं त्याला. एवढं ऱ्हाऊ दे."

त्याच हातानं त्यांनी डोळे पुसले. गालावर चमकी लागली. मी त्यांना सांगितलं नाही.